एकोणीस रिकामे रकाने

काळ्या पडद्यावर एक आकडा उमटला, तेराशे बारा, आणि मला इतका आनंद झाला की मी कोलते सरांना हाक मारली. त्या हाकेबद्दल पुढे मी स्वतःला पुष्कळदा शिव्या घातल्या. पण त्या गुरुवारी सकाळी मला वाटत होतं की मी मोठा पराक्रम केला आहे.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. आर्वीला संगणकाचा डिप्लोमा करून वैनगंगेपलीकडच्या एका आरोग्यसंस्थेत नुकतीच लागले होते. संस्थेनं जंगलातल्या गावांमध्ये सिकलसेलची तपासणी चालवली होती. आईबापांकडून येणारा हा आजार. सांधे ठणकतात, रक्त कमी होतं, आणि अशा लहान लेकराला साधा ताप आला तरी दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं. म्हणून आमच्या आरोग्यसेविका घरोघर जायच्या, प्रत्येकाच्या बोटातून थेंबभर रक्त घ्यायच्या आणि तिथंच एका छोट्या नळीत औषधाच्या पाण्यात टाकून बघायच्या. पाणी स्वच्छ राहिलं तर माणूस निरोगी, वहीत 'एए' लिहायचं. गढूळ झालं तर नमुना आमच्या प्रयोगशाळेत पाठवायचा. तिथं कळायचं की हा 'एएस' आहे, म्हणजे स्वतः धडधाकट पण आजार पुढच्या पिढीला देऊ शकणारा, की 'एसएस', म्हणजे आजारीच.

त्या साऱ्या वह्या तालुक्याच्या टायपिंगवाल्या मुलींनी संगणकात उतरवल्या होत्या. एका माणसाची एक ओळ. ओळीत वही क्रमांक, अनुक्रमांक, नाव, गाव, वय आणि सहावा रकाना निकालाचा. दोन रकान्यांच्या मध्ये एक उभी रेघ. आमचा संगणक कुण्या भल्या माणसानं दान दिलेला, जुनापुराणा. त्यावर ना चित्रं, ना माउस. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची आणि एंटर दाबायचं. त्यातली ऑक नावाची आज्ञा माझी फार लाडकी होती. तिला सांगायचं, बाई, उभ्या रेघांवर ओळ तोड, सहावा रकाना बघ, रिकामा असेल तर ती ओळ मला काढून दे. एवढंच. अकरा हजार ओळी ती पापणी लवायच्या आत चाळून मोकळी व्हायची.

तर त्या आज्ञेनं तेराशे बारा ओळी काढून दिल्या. तेराशे बारा माणसं, ज्यांचा निकालच नाही.

कोलते सर माझ्या मागे येऊन उभे राहिले. संस्था त्यांचीच. साठीचे डॉक्टर, शिस्तीचे कडक, पण मनानं सरळ माणूस. त्यांनी विचारलं, ह्या ओळी कुठल्या गावांच्या आहेत ते निघेल का. मी म्हटलं, का नाही निघणार, आणि गावागणिक मोजणी करून दाखवली. चारपाच इकडंतिकडं नाहीत, सगळ्याच्या सगळ्या तेराशे बारा एकाच सेविकेच्या सहा गावांतल्या निघाल्या. सोमारीबाई नैताम.

दाराजवळ भिंतीवर सरांच्या अक्षरातला एक कागद चिकटवलेला होता, त्याच्याकडे ते बघत राहिले. 'ज्या सेविकेच्या वहीत दहापेक्षा जास्त निकाल कोरे असतील, तिचं काम बंद.' दोन वर्षांपूर्वी एका कार्यकर्त्यानं झाडाखाली बसून चारशे निकाल मनानंच भरले होते. त्यातला एक पोरगा निरोगी म्हणून लिहिलेला, तो तापानं गेला. तेव्हापासून हा कागद होता, आणि तेव्हापासून सर कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नसत.

"उद्या बोलाव तिला," ते म्हणाले. "आणि तेलरांधे, काम बंद केल्याचं पत्र टाइप करून ठेव."

मी पत्र टाइप केलं. लाज वाटते सांगायला, पण व्यवस्थित समास सोडून छान टाइप केलं.

शुक्रवारी अकराच्या गाडीनं सोमारीबाई आल्या. पन्नाशीच्या, काटक, कपाळावर गोंदण, खांद्याला संस्थेची निळी पिशवी. सातवी शिकलेल्या. आधी अंगणवाडीत मदतनीस होत्या, मग इथं आल्या त्याला बारा वर्षं झाली होती. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. सहा गावांतलं प्रत्येक घर त्यांना तोंडपाठ होतं, आणि गावातल्या बायांना त्या. हे काम गेलं असतं तर त्या उपाशी मेल्या नसत्या, भावाकडं शेतीवर राबल्या असत्या. पण मग त्या सोमारीबाई राहिल्या नसत्या, आणि हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

सरांनी छापील यादी समोर ठेवली. म्हणाले, तेराशे बारा लोकांची तपासणी तुम्ही केलीच नाही.

"केली जी," त्या म्हणाल्या. "साऱ्याइची केली."

"मग निकाल कुठे आहे?"

"वहीत हाय."

सरांनी यादीतल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. सोमारीबाईंनी वाकून पाहिलं. नावं त्यांच्या ओळखीची, गावं ओळखीची, आणि निकालाच्या जागी काहीच नाही. त्यांचा चेहरा पार उतरला. "मी तं खाली खाली देत गेली होती," असं काहीतरी त्या पुटपुटल्या आणि टेबलावर बोटानं दोन बारीक टिकल्या मारल्या, त्यांच्या खाली आणखी दोन, त्यांच्या खाली आणखी दोन.

सरांचं लक्ष नव्हतं. माझं होतं.

मी उठून कपाटातलं वह्यांचं गाठोडं सोडलं. टायपिंगहून परत आल्यापासून ते कुणी उघडलंच नव्हतं, कारण आमच्याकडे आता संगणक होता ना. सोमारीबाईंची पहिली वही काढली. पानाच्या सुरुवातीला ठसठशीत अक्षरात 'एए', आणि त्याच्या खाली, ओळीओळीला, दोन टिकल्या. वरच्यासारखंच. शाळेच्या हजेरीपासून अंगणवाडीच्या पोषण आहारापर्यंत आपल्याकडे सगळे असंच लिहितात. गढूळ नळीचा निकाल मात्र त्यांनी दर वेळी पूर्ण लिहिला होता, लाल शाईनं. त्याच्या खालचा 'एए' पुन्हा पूर्ण, आणि मग टिकल्या. बाकीच्या सेविका तरुण होत्या, त्यांना संस्थेनं रबरी शिक्का दिला होता. सोमारीबाईंना शिक्का आवडत नसे. तो सगळीकडं सारखाच बसतो, म्हणायच्या.

आणि टायपिंगवाल्या मुलींनी त्या टिकल्या का वगळल्या? तर मीच सांगितलं होतं. आधीच्या फायलीत स्वल्पविरामांनी माझे रकाने फोडून ठेवले होते, म्हणून मी त्यांना लेखी सूचना पाठवली होती. फक्त अक्षरं, आकडे आणि रकान्यांमधली उभी रेघ टाइप करा, स्वल्पविराम, अवतरणचिन्हं, असल्या कुठल्याही खुणा टाइप करू नका. त्यांनी इमानेइतबारे माझं ऐकलं. एका बाईची दीड वर्षाची पायपीट माझ्या एका ओळीच्या सूचनेनं पुसली गेली होती.

मी हे सरांना सांगितलं. खरं सांगायचं तर लगेच नाही सांगितलं. वही हातात घेऊन पाच मिनिटं कपाटाशी उभी राहिले, आणि सांगितलं नाही तर काय होईल याचा हिशेब केला. मग सांगितलं. सरांनी वही पाहिली, पत्र उचललं, चार तुकडे करून टोपलीत टाकलं, आणि मला एवढंच म्हणाले, "फाइल नीट कर."

फाइल नीट करणं अवघड नव्हतं. मी हौसेनं आडनावांप्रमाणे लावून ठेवलेल्या ओळी पुन्हा वही आणि अनुक्रमांकाप्रमाणे लावल्या, म्हणजे कोणाच्या खाली कोण होतं ते परत मिळालं. मग ऑकला सांगितलं, सहावा रकाना रिकामा दिसला की वरच्या ओळीतला निकाल खाली उतरव. एंटर दाबलं. पुन्हा रिकामे मोजले. शून्य.

सर मोकळे हसले. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी सोमारीबाईंची माफी मागितली, हात जोडून, माझ्या देखत. चहा सांगितला. सोमवारी अहवाल जायचा होता, त्यात ह्या सहा गावांचं काम शंभर टक्के पूर्ण म्हणून जाणार होतं. सोमारीबाई बशीत चहा ओतून पीत होत्या, आणि मला इतकं हलकं वाटत होतं की मीच म्हटलं, बाई, बघायची का तुमची माणसं, छापून दाखवते.

तिथं त्यांनी गप्प बसायला हवं होतं. म्हणजे मला तेव्हा असं वाटलं.

कागद हातात घेऊन त्या बोट फिरवत वाचू लागल्या. मर्केगुड्याच्या पानावर बोट थांबलं.

"रैनी सोमा पोटावी," त्यांनी वाचलं. "हिचं कोनं केलं?"

मी पाहिलं. वय तीन, निकाल एए. मी म्हटलं, तुम्हीच केलं असेल बाई.

"म्या नाई केलं. त्या दिवशी पोरीले ताप होता, मायनं हातच लावू नाई देला. म्या जागा सोडून ठेवली होती."

मग मला कळलं. संगणकाला टिकली आणि मोकळी जागा यातला फरक कळत नव्हता. टिकली मीच पुसून टाकली होती, त्यामुळे दोन्ही त्याच्या लेखी रिकाम्याच. त्यानं वरच्या माणसाचं निरोगीपण रैनीच्या अंगावर चढवून दिलं होतं.

सर खिडकीशी कोणाशीतरी फोनवर बोलत होते. मी खुर्ची सोमारीबाईंजवळ ओढली आणि हळू आवाजात विचारलं, अशा किती जागा सोडल्यात. त्या बोटांची पेरं मोजू लागल्या. चिचटोल्याचे सहा बापे, बांबू तोडायला गेले होते. कोहकाटोल्याचे तीन. मर्केगुड्याची रैनी, तिथलीच एक बाई कुर्म्यात होती, म्हणजे पाळीच्या दिवसांत बाया ज्या वेगळ्या खोपटात बसतात तिथं, तेव्हा तिला शिवता येत नव्हतं. नदीपलीकडच्या टोल्यावरची, तिथल्या छोट्या वस्तीतली, दोन पोरं मामाकडे गेलेली. एकेकाचं नाव, एकेकाचं कारण. दीड वर्ष झालं होतं, दोन हजारांवर माणसं तपासली होती. अठरा नावं त्यांनी कागदाकडे न बघता सांगितली.

अठरा. भिंतीवरचा कागद म्हणत होता दहा.

मी तेव्हा जे बोलले ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मी म्हटलं, "बाई, राहू द्या ना. आत्ता सरांना कळलंय की सगळं पूर्ण आहे. ठणठणीतच असतील हो सगळे. तुम्ही पुढच्या महिन्यात जाऊन करून या गुपचूप, मी फाइलमध्ये बदलून टाकते."

सोमारीबाई रागावल्या नाहीत.

"पोरी," त्या म्हणाल्या, "रिकामं असलं का डोक्यात राहते, का जायचं हाय. एकडाव भरलं का गेलं. मंग त्या घरी कोन जाते?"

आणि उठून त्याच सरांकडे गेल्या. फोन संपेपर्यंत हात बांधून उभ्या राहिल्या, आणि सांगितलं की साहेब, अठराजणांची माझ्याच्यानं झाली नाही, कम्प्युटरनं त्यांना उगीच बरं लिहून टाकलं.

मी आजवर पुष्कळ हुशार माणसं पाहिली. पुण्यात बावीस वर्षं हेच काम करते आहे, माझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत आणि फायलींत कोटींनी ओळी असतात. पण सुटका झालेली असताना, कोणी विचारलेलं नसताना, दार उघडून पुन्हा आत जाऊन उभं राहणारं माणूस मी ते एकच पाहिलं. त्या क्षणी मला त्यांचे पाय धरावेसे वाटले आणि त्यांचा रागही आला. दोन्ही खरं आहे.

सरांनी सगळ्या वह्या मागवल्या. दुपारभर आम्ही तिघांनी टेबलावर वह्या पसरून एकेक ओळ पाहिली. टिकली असेल तिथं मी फाइलमध्ये निकाल राहू दिला, कोरी जागा असेल तिथला पुसला. चार वाजता ऑकला पुन्हा विचारलं. एकोणीस. सोमारीबाईंनी अठरा सांगितली होती. एकोणिसावा कोहकाटोल्याचा एक म्हातारा निघाला, त्याला त्या साफ विसरल्या होत्या. ते कळल्यावर मात्र त्यांनी कपाळाला हात लावला. सरांना अठरा सांगताना जो चेहरा पडला नव्हता, तो त्या म्हाताऱ्यासाठी पडला.

सरांनी विचारलं, परत का नाही गेलात. त्या म्हणाल्या, पोलिओच्या मोहिमेला तुम्हीच लावलं, मग गोवराच्या, मग वह्या टायपिंगला घेऊन गेलात. सरांनी वही मिटली. मग म्हणाले, "नियम मी सगळ्यांसाठी केला आहे. तुमच्यासाठी मोडला तर उद्या दुसरी येऊन उभी राहील. सोमवारी दुपारी अहवाल जाईल. तोवर दहावर आणा. नऊ माणसं. दोन दिवस आहेत."

मी हिशेब केला आणि जीव भांड्यात पडला. चिचटोला आणि कोहकाटोला ही दोन्ही गावं डांबरी रस्त्यावर, एसटीच्या वाटेवर. सहा आणि चार, दहा माणसं. शनिवारी दुपारपर्यंत काम फत्ते. उरलेली नऊ मर्केगुड्याकडची, नदीपलीकडची, विखुरलेली. ती पुढच्या आठवड्यात झाली तरी चालण्यासारखी होती.

शनिवारी सकाळी मीही पिशवी घेऊन गाडीत बसले. माझ्याच चुकीनं हे सुरू झालं होतं, घरी बसवेना. चिचटोला आलं तेव्हा मी उठले. सोमारीबाई बसूनच राहिल्या.

"बाई, चिचटोला."

"दिसलं मले."

मी त्यांच्या कानाशी लागले. म्हटलं, बांबूचं काम संपलंय, सहाही बापे घरी असतील, तासाभरात होतील. मग कोहकाटोला. तुमचं काम वाचेल हो.

"मोठे बापे हायत थे," त्या म्हणाल्या. "चार दिवसानं गेलं तरी तसेच भेटतीन. तिकडं लेकरं हायत."

गाडी सुटली. मी धुमसत खाली बसले. शेवटच्या थांब्यावर उतरून आम्ही दोन तास चाललो, नदी गुडघाभर पाण्यातून ओलांडली. सारा वेळ मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं. झपाझप पुढे चालत होत्या आणि मला कुठल्या दगडावर पाय घसरतो ते सांगत होत्या.

मर्केगुड्यात एक घर उघडं नव्हतं. मोहाचे दिवस होते. पहाटेपासून सारं गाव रानात मोहफुलं वेचायला गेलेलं. मला वाटलं, संपलं, आता दिवस फुकट गेला. सोमारीबाई थांबल्यासुद्धा नाहीत. कोणाचा मोह कुठला, हे त्यांना घरांइतकंच पाठ होतं. त्या ह्या झाडाखालून त्या झाडाखाली गेल्या. बाया टोपल्या बाजूला सारून, पदराला हात पुसून बोट पुढे करायच्या. कुर्म्यातली ती बाई हसत हसत म्हणाली, मागल्या वेळी वाचले होते, ह्या वेळी सापडले.

रैनी एका झाडाखाली लुगड्याच्या घडीवर निजली होती. भोवती मोहाचा वास दाटलेला. तिची आई फुलं वेचत होती आणि मधूनच येऊन तिच्या तोंडावर पाणी फिरवत होती. पुन्हा ताप होता. आई म्हणाली, हिला सारखाच येतो, हातपाय दुखतात म्हणून रात्रीची रडते, वैदू करून झाला. सोमारीबाई तिच्याजवळ मांडी घालून बसल्या. ह्या वेळी आईनं अडवलं नाही. बोट इतकं लहान होतं की सुई लावायला त्यांनी ते दोन बोटांच्या चिमटीत धरून बराच वेळ चोळलं. थेंब नळीत पडला. त्यांनी नळी उजेडात धरली.

पाणी गढूळ झालं.

सोमारीबाईंनी नळी पिशवीत ठेवली, आईला सांगितलं की लेकरू आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं आहे, टोपलीतला मोह मी कुणाच्या तरी हाती घरी पोचवते. आई बावरली. बाप सोमा दुसऱ्या झाडाखाली होता, त्याला हाक मारून आणलं. त्याच दुपारी तो रैनीला खांद्यावर घेऊन निघाला, आणि मी त्याच्याबरोबर परत आले. नमुना माझ्याकडे होता. सोमारीबाई नदीपलीकडच्या टोल्याकडे गेल्या.

सोमवारी सकाळी अकराच्या गाडीनं त्या परत आल्या. पायांवर नडगीपर्यंत चिखल वाळलेला. दोन दिवसांत त्यांनी रैनीसह आठ माणसं केली होती. नववा पोरगा मामाबरोबर बाजाराला गेला होता, त्याची वाट बघत संध्याकाळपर्यंत थांबल्या, तो आला नाही.

प्रयोगशाळेतली चिठ्ठी सकाळीच आली होती. रैनी सोमा पोटावी, एसएस. सरांनी तिला स्वतः तपासून आमच्या दवाखान्यात ठेवून घेतलं होतं, सलाइन चालू होतं. ते मला म्हणाले होते की आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं. आणि म्हणाले, तुझ्या फायलीत ही एए होती ना. मी मान हलवली.

मी सोमारीबाईंच्या देखत आठही निकाल फाइलमध्ये भरले. रैनीच्या ओळीत ती दोन अक्षरं टाइप करून मी पुन्हा वाचून पाहिली. मग ऑकला विचारलं. पडद्यावर आकडा आला, अकरा. सर माझ्या मागे उभे होते. दहाच्या वर एक.

"चिचटोला वाटेतच होतं," सर म्हणाले. "तिथं का नाही उतरलात?"

"उतरली असती तं रैनीकडं आज गेली असती जी."

अहवालाचा कागद टेबलावर होता, सहीची जागा रिकामी. सरांनी पेन उचललं आणि तसंच हातात धरून ठेवलं. सोमारीबाई पडद्याकडे बघत होत्या. त्यांना तिथली इंग्रजी आज्ञा वाचता येत नव्हती, पण आकडा कळत होता. त्यांनी पिशवी खांद्याला लावली.

"अकरा राहिले," त्या म्हणाल्या. "दोनची गाडी भेटते, मी निघते."

आपलं काम राहिलं की गेलं, हे त्यांनी विचारलंच नाही. चपला घालायला दाराशी वाकल्या, अगदी भिंतीवरच्या त्या कागदाखाली. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली वाकून अहवालावर सही केली, 'कोरे निकाल अकरा' असं स्वतःच्या हातानं त्याच्यावर लिहिलं, आणि वर न बघता मला म्हणाले, "तेलरांधे, बाईंच्या पिशवीत सुया पुरेशा आहेत का बघ."

मी कपाट उघडून मोजून अकरा सुया दिल्या. सोमारीबाईंनी त्या पदराआड डोळे पुसून परत मोजल्या आणि म्हणाल्या, चार जास्तीच्या दे पोरी, तो कोहकाटोल्याचा म्हातारा लय हात मागं ओढते.